पाण्याने तोडलेला संपर्क: तिसवाडीतील एका खाजनावरच्या ड्रोन सर्वेक्षणाचे प्रकरण

पार्श्वभूमी

गोव्यातील तिसवाडी तालुक्यातल्या एका खाजनाचा बाहेरचा बांध मागच्या पावसाळ्यात दोन ठिकाणी खचला. खाजन म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतजमीन. खारे पाणी आत शिरले आणि कोरगुट भाताचे पीक गेले. पुढचा पाऊस यायच्या आत बांध कुठे किती बसला आहे, माथ्याची उंची कुठे कमी पडते, चिऱ्यांचा थर कुठे निसटला आहे, हे शेतकऱ्यांच्या संघटनेला नकाशावर हवे होते. काम तीन जणांच्या एका पथकाने घेतले: एक पायलट, लॅपटॉपवरचे ग्राउंड स्टेशन सांभाळणारी एक सहकारी आणि ड्रोनवर नजर ठेवण्यासाठी बांधाच्या मध्यावर उभा राहणारा एक निरीक्षक. गाव, संघटना आणि पथक यांची ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत.

ड्रोन चार पंखांचा, घरी जुळवलेला, बॅटरी आणि कॅमेऱ्यासह सुमारे २.६ किलोचा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २ किलोच्या वर आणि २५ किलोपर्यंत ‘लहान’ गट, त्यामुळे नोंदणी क्रमांक आणि प्रमाणपत्रधारक पायलट दोन्ही होते. गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात परवानगीशिवाय फक्त २०० फुटांपर्यंत उडता येते, त्याच्या आत तेवढेही नाही. ही जागा दोन्ही विमानतळांपासून १२ किलोमीटरच्या बाहेर होती. तरीही रोज सकाळी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाचा नकाशा उघडून पाहिला जात होता.

उड्डाणाची उंची पाण्यापासून ३० मीटर ठरवली. वापरलेल्या कॅमेऱ्याला या उंचीवरून पिक्सेलमागे एक सेंटीमीटरच्या आतले तपशील मिळतात. बांधाला समांतर रेघा, वेग सेकंदाला ६ मीटर, सर्वांत लांबची रेघ ग्राउंड स्टेशनपासून सुमारे ७८० मीटरपर्यंत. त्याशिवाय खचलेल्या दोन जागांची जवळून चित्रे हवी होती. ती १२ मीटर उंचीवरून, पायलटने हाताने उडवून घ्यायची होती.

मांडणी

ड्रोनशी दोन वेगळे रेडिओ दुवे होते. पायलटच्या हातातला रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर, १०० मिलिवॉट म्हणजे २० डीबीएम ताकदीचा (डीबीएम हे रेडिओच्या ताकदीचे डेसिबलमधले माप). दुसरा टेलिमेट्रीचा दुवा: लॅपटॉपला यूएसबीने जोडलेला एक छोटा सिक रेडिओ आणि तसाच दुसरा ड्रोनवर. ड्रोनची जागा, बॅटरी, मोड ही माहिती मॅव्हलिंक या ड्रोनच्या संदेश-पद्धतीतून याच वाटेने येत होती. उड्डाण नियंत्रक आर्डूपायलट या सॉफ्टवेअरवर चालणारा.

लॅपटॉपचे घडीचे टेबल आतल्या एका बुटक्या बांधावर, छत्रीखाली मांडले होते. पुढ्यातच मानशीच्या आतले तळे. मानस म्हणजे बांधातले लाकडी फळ्यांचे दार. भरतीच्या दाबाने फळ्या आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर जाऊ देतात. पहिल्या दिवशी तळे जवळजवळ रिकामे होते. तळाशी गाळाचे उंचवटे आणि खारफुटीची गुडघाभर रोपे दिसत होती.

या मांडणीतल्या तीन गोष्टी पुढे नडल्या. त्या दिवशी कुणालाच त्या खटकल्या नाहीत, कारण काम सुरळीत चालले होते.

पहिली: रिमोटचा अँटेना छत्रीच्या दांड्याला लागतो म्हणून आडवा वाकवलेला होता. ड्रोनवरच्या रिसीव्हरच्या दोन्ही मिशाही (अँटेनाच्या बारीक तारा) ड्रोनच्या हातांच्या खालून आडव्याच चिकटवल्या होत्या. दोन मिशा असतात त्या एकमेकींशी काटकोनात ठेवण्यासाठी. दोन्ही आडव्या ठेवल्या की दुसरीचा अर्धा फायदा वाया जातो.

दुसरी: टेलिमेट्रीचा संच ९१५ मेगाहर्ट्झचा, अमेरिकी मांडणीत आलेला. तो ९१५ ते ९२८ मध्ये उड्या मारत होता. हा पट्टा भारतात परवान्याविना वापरायला खुला नाही. त्याच्या खालच्या कडेला ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झमध्ये मोबाईल हँडसेट बोलतात आणि वर ९३५ पासून मोबाईल टॉवर. म्हणजे हा रेडिओ दोन गजबजलेल्या रस्त्यांच्या मधल्या दुभाजकावर उभा होता.

तिसरी: परतीची उंची, म्हणजे संपर्क तुटल्यावर ड्रोन ज्या उंचीवरून आपोआप घरी येतो ती, मूळ १५ मीटरवरच ठेवलेली. बांधालगतचे माड १८ ते २० मीटरचे होते.

काय घडले

पहिल्या दिवशी अर्धे काम झाले. लॅपटॉपवर टेलिमेट्रीच्या गोंगाटाचा आकडा ७८ च्या आसपास दिसत होता आणि दोनदा इशाराही आला, पण माहितीचा ओघ तुटला नाही, म्हणून कुणी थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी तेच टेबल, तीच जागा, तोच आराखडा. पहिल्याच लांब रेघेवर सुमारे ७३० मीटरवर रिमोटचा संपर्क तुटला. ड्रोनने फेलसेफ (संपर्क तुटला की आपोआप करायची सुरक्षित कृती) धरला आणि तो परतीच्या मोडमध्ये गेला. ड्रोन ३० मीटरवर होता आणि परतीची उंची त्याहून कमी, त्यामुळे तो त्याच उंचीवर मागे वळला. थोड्याच वेळात सिग्नल पूर्ववत. पायलटने बॅटरी बदलली, रिसीव्हरची जोडणी तपासली, पुन्हा पाठवला. पुन्हा तिथेच, दहा-पंधरा मीटरच्या फरकाने, संपर्क तुटला.

इथे पहिला निर्णायक क्षण होता. एकाच ठिकाणी दोनदा तुटलेला संपर्क हा सैल तारेचा दोष नसतो. सैल तार जागा पाहून तुटत नाही. पण सकाळ सरत होती, वारा वाढायच्या आत काम उरकायचे होते. पायलटने लांबच्या रेघा बाजूला ठेवल्या आणि जवळून चित्रे घ्यायचे काम आधी करायचे ठरवले.

ड्रोन १२ मीटरवर, टेबलापासून सुमारे ६०० मीटरवर असताना संपर्क पुन्हा गेला. आता मात्र परतीची उंची आड आली. ड्रोन १५ मीटरवर चढला आणि सरळ रेषेत घराकडे निघाला. त्या सरळ रेषेत माडांची रांग होती.

निरीक्षकाने आरडाओरडा केला. पायलट रिमोट डोक्यावर धरून बांधावरून पुढे धावला. सिग्नल आला, तरी ड्रोन ऐकेना. याचे कारण आर्डूपायलटमध्ये आहे. फेलसेफमुळे मोड बदलला की सिग्नल परत आल्यावर तो आपसूक जुन्या मोडमध्ये येत नाही. मोडचे बटण एकदा हलवावे लागते. पायलटचे बटण आधीपासून लॉयटरवर, म्हणजे जागच्या जागी तरंगत राहण्याच्या मोडवरच होते, त्यामुळे नियंत्रकाला नवी आज्ञा मिळालीच नाही. तीन-चार सेकंद गेल्यावर त्याने बटण दुसऱ्या मोडवर नेऊन परत लॉयटरवर आणले. ड्रोन माडांपासून पंधराएक मीटरवर थांबला. मग ३५ मीटरवर चढवून तो घरी आणला. त्या दिवशीचे उड्डाण तिथेच थांबले.

लॉगमध्ये काय सापडले

दुपारी ड्रोनच्या मेमरी कार्डावरचे दोन्ही दिवसांचे लॉग, म्हणजे उड्डाणाच्या नोंदी, शेजारी शेजारी ठेवले. फेलसेफच्या तिन्ही नोंदी रिमोटच्या होत्या, टेलिमेट्रीच्या नव्हत्या. रिमोटच्या सिग्नलची ताकद वेळेऐवजी अंतरावर मांडली, तेव्हा चित्र उघडे पडले. दुसऱ्या दिवशी ३६५ आणि ७३० मीटरवर खोल खड्डे. ३६५ चा खड्डा अरुंद आणि जवळचा, म्हणून निभावून गेला होता. पहिल्या दिवशी या दोन्ही जागा सपाट, पण ६३० मीटरच्या आसपास ४-५ डेसिबलची एक उथळ घळ. म्हणजे इशारा पहिल्याच दिवशी लिहिला गेला होता, वाचला कुणी नव्हता.

ठरावीक अंतरावर खड्डे पडतात ते बहुतेक वेळा परावर्तनामुळे. रिमोटकडून ड्रोनकडे लहर दोन वाटांनी जाते, एक सरळ आणि एक जमिनीवर किंवा पाण्यावर आपटून. जमिनीला जवळजवळ समांतर येणारी लहर परावर्तित होताना उलटी होते. दोन वाटांच्या लांबीतला फरक बरोबर एक, दोन किंवा तीन तरंगलांब्यांएवढा झाला की दोन्ही लहरी एकमेकींना खोडतात. हा फरक साधारण असा काढता येतो: दोन गुणिले अँटेनाची पाण्यापासून उंची गुणिले ड्रोनची उंची, भागिले अंतर.

टेबलावरचा अँटेना पाण्यापासून १.५ मीटर, ड्रोन ३० मीटर. २ × १.५ × ३० = ९०. २.४४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी १२.३ सेंटीमीटर. ९० ला ०.१२३ ने भागले की ७३२ मीटर, त्याच्या निम्मे ३६६. लॉगमधले दोन्ही खड्डे जिथल्या तिथे.

मग पहिल्या दिवशी का नाही? त्याचे उत्तर लॉगमध्ये नव्हते. ते मानशीवर बसणाऱ्या वयस्क गृहस्थांकडून मिळाले. निरीक्षकाने सहज विचारले, “काका, काल तळं रिकामं होतं ना?” मासळीसाठी रात्री भरतीच्या वेळी फळ्या उघड्या ठेवून पाणी आत घेतले होते. तळ्यात मीटरभर पाणी चढले होते. रिकाम्या तळ्याच्या तळापासून मोजले तर अँटेना २.५ मीटर आणि ड्रोन ३१ मीटर येतो. त्याच हिशेबाने खड्डे १२६० आणि ६३० मीटरवर जातात. पहिल्या दिवसाची उथळ घळ ६३० वर होती ती याचमुळे. ती उथळ राहिली, कारण गाळाचे उंचवटे आणि रोपे परावर्तित लहर इकडेतिकडे विखरून टाकत होती. दुसऱ्या दिवशी ते सगळे पाण्याखाली गेले आणि टेबलापुढे आरसा तयार झाला.

परावर्तन होते कुठे, हे फार थोडे लोक मोजतात. अंतराला अँटेनाच्या उंचीने गुणायचे आणि दोन्ही उंचींच्या बेरजेने भागायचे. ७३२ × १.५ ÷ ३१.५ म्हणजे सुमारे ३५ मीटर. ड्रोन पाऊण किलोमीटरवर, पण संपर्क तोडणारे पाणी टेबलापासून ३५ मीटरवर! तो नेमका बिंदू नसतो, मागेपुढे बराच लांबट पट्टा असतो, पण मध्य तिथेच.

आडव्या अँटेनांनी यात भर घातली. आडव्या ध्रुवीकरणाच्या, म्हणजे आडव्या अँटेनातून निघालेल्या लहरीला खारे पाणी इतक्या तिरप्या कोनात जवळजवळ पूर्ण परावर्तित करते, म्हणून खोडणेही जवळजवळ पूर्ण होते. उभ्या ध्रुवीकरणात अडीच अंशांच्या कोनावर निम्म्याहून कमी परावर्तन होते आणि ढोबळ हिशेबाने खड्डा ५ डेसिबलचा राहतो. आता ताकदीचा ताळेबंद मांडू. २.४४ गिगाहर्ट्झवर ७३२ मीटरला मोकळ्या हवेतली घट सुमारे ९७.५ डेसिबल. २० डीबीएमने पाठवले की −७७ डीबीएम पोहोचते. रिसीव्हर −९५ पर्यंत ऐकतो असे धरले तर हातात १८ डेसिबल शिल्लक. ५ डेसिबलचा खड्डा त्यात सहज पचतो. आडव्या मांडणीतला २० डेसिबल आणि वरचा खड्डा पचत नाही. त्या खड्ड्याची रुंदी साधारण ३० मीटर, म्हणजे सेकंदाला ६ मीटर वेगाने पाच सेकंद. फेलसेफ लागायला एवढा वेळ पुरेसा आहे.

टेलिमेट्रीचा हिशेब वेगळा. सिक रेडिओचा आकडा १.९ ने भागून १२७ वजा केले की डीबीएम मिळतो. गोंगाट ७८ म्हणजे −८६ डीबीएम. सिग्नल १०८ म्हणजे −७०. मधली फट १६ डेसिबल. मोबाईल टॉवर जवळ होता आणि टेबलावरच्या फोनचे हॉटस्पॉट अँटेनाला खेटून चालू होते. फोन पाच मीटर लांब नेला तेव्हा गोंगाटाचा आकडा लगेच सात-आठने उतरला.

तोललेले पर्याय

पहिली सूचना अपेक्षित होती: रिमोटला बूस्टर लावावा. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १ वॉट ट्रान्समीटर आणि अँटेनासह ४ वॉट प्रभावी ताकदीपर्यंत मुभा आहे, पण बाजारात मिळणाऱ्या बूस्टरला डब्ल्यूपीसीची (केंद्र सरकारच्या रेडिओ-परवाना विभागाची) उपकरण-मान्यता असेलच असे नाही. शिवाय १ वॉटने १० डेसिबल मिळतात आणि खड्डा २० च्या वरचा. पैसे घालून खड्डा थोडा अरुंद झाला असता, एवढेच. हा पर्याय सोडला.

दुसरी सूचना खांबाची. अँटेना तिप्पट उंच, म्हणजे ४.५ मीटरवर न्यावा. ऐकायला बिनचूक वाटते. हिशेब केला तर खड्डे २१९५, १०९८ आणि पुन्हा ७३२ मीटरवर! उंची दुप्पट, तिप्पट, चौपट केली की पहिला खड्डा लांब जातो, पण मागचेही त्याबरोबर पुढे सरकतात आणि त्यातला एक जुन्याच जागी येऊन बसतो. ड्रोन ३० ऐवजी ६० मीटरवर नेला तरी हेच होते, दुसरा खड्डा ७३२ वर. खांबाचा फायदा वेगळा आहे: परावर्तनाची जागा पुढे सरकते (इथे ९५ मीटरवर) आणि खड्डे अरुंद होतात. झाडीवरून नजर पोहोचवायला खांब हवाच. फक्त पाण्यावरच्या खड्ड्यांचा तो रामबाण उपाय नाही.

तिसरा पर्याय तळे रिकामे असताना उडवायचा. पण मासळीचे वेळापत्रक पथकाच्या हातात नव्हते, आणि शेतकऱ्यांना ‘तुमचे पाणी काढा’ म्हणणे पथकाला पटले नाही. तो निर्णय योग्यच होता. खाजन त्यांचे आहे.

चौथा: दोन्ही दुवे ८६५–८६७ मेगाहर्ट्झवर न्यायचे. हा पट्टा भारतात परवान्याविना खुला आहे. ट्रान्समीटर १ वॉटपर्यंत, वाहक २०० किलोहर्ट्झपर्यंत रुंद. रिमोटच्या नव्या लांब पल्ल्याच्या संचांमध्ये भारतासाठी ८६६ ची मांडणी मिळते. यावर बराच वेळ चर्चा झाली. ७३२ मीटरला मोकळ्या हवेतली घट ९ डेसिबलने कमी, हा मोठा मोह होता. पण दोन्ही दुवे एकाच तरंगलांबीवर आणले की दोघांचे खड्डेही एकाच जागी पडतात. वेगळ्या पट्ट्यांवर असताना रिमोट ७३२ वर आंधळा झाला तरी टेलिमेट्रीचा पहिला खड्डा २६० वर असतो, दोघे एकाच वेळी बुडत नाहीत. म्हणून रिमोट २.४ वरच ठेवला आणि फक्त टेलिमेट्री हलवली. आमच्या मते या प्रकरणातला हा सर्वांत चांगला निर्णय.

पाचवा पर्याय फुकटचा होता: अँटेना उभे करा आणि टेबल पाण्यापासून मागे न्या.

काय केले

टेबल तळ्याच्या काठापासून ६० मीटर मागे, पडक्या चिऱ्यांच्या गडग्याजवळ नेले. तिथे जमीन मीटरभर उंच, त्यामुळे अँटेना पाण्याच्या पातळीपासून २.५ मीटर. पुढ्यात कमरेएवढी झुडपे. नव्या जागेवरून ६१० मीटरवरच्या खड्ड्याचे परावर्तन ४७ मीटरवर येते, म्हणजे पाण्यावर नाही, झुडपांत. सर्वांत लांबचे टोक आता ८४० मीटर झाले. त्याची किंमत ०.६ डेसिबल.

रिसीव्हरची एक मिशी ड्रोनच्या पायावरून सरळ खाली सोडली, दुसरी तिला काटकोनात आडवी. मिशीचे टोक, जिथे वरचे आवरण संपते तिथून पुढचे ३१ मिलिमीटर, हाच खरा अँटेना. तो भाग कापायचा नाही, वाकवायचा नाही, कार्बनच्या हाताला किंवा बॅटरीच्या तारेला चिकटवायचा नाही. पायाला प्लास्टिकची नळी बांधून त्यातून तो सोडला. रिमोटचा अँटेना उभा, आणि त्याचे टोक ड्रोनकडे रोखलेले नाही ना, ते पाहिले. दांड्याच्या अँटेनाचे टोक जिकडे, तिकडे सर्वांत कमी सिग्नल जातो. छत्रीचा दांडा दोन हात लांब सरकवला.

टेलिमेट्रीसाठी ८६८ प्रकारच्या बोर्डाचा, उपकरण-मान्यता असलेला संच घेतला. किमान ८६५०००, कमाल ८६७००० किलोहर्ट्झ, १० वाहिन्या, ताकद २०, नेट आयडी (रेडिओंच्या जोडीचा ओळख क्रमांक) बदललेला. ताकद सोडली तर हे आकडे दोन्ही रेडिओंत तंतोतंत सारखे हवेत. एका टोकाला वाहिन्यांची संख्या वेगळी राहिली तर हिरवा दिवा नुसता लुकलुकत राहतो. इथेही एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी: ८६९ मेगाहर्ट्झपासून वर मोबाईल टॉवरचे प्रक्षेपण सुरू होते, जेमतेम २ मेगाहर्ट्झवर. टॉवरच्या अगदी पायथ्याशी हा पट्टाही शांत नसतो. नव्या जागी गोंगाट ४६ आला, म्हणजे −१०३ डीबीएम. जुन्यापेक्षा सुमारे १७ डेसिबल चांगला. यात पट्ट्याचा वाटा किती आणि फोन दूर ठेवल्याचा किती, हे वेगळे काढले नाही.

फेलसेफवर मतभेद झाले. पायलटचे म्हणणे: स्वयंचलित आराखडा चालू असताना रिमोट गेला पण टेलिमेट्री जिवंत असेल, तर ड्रोनला काम चालू ठेवू द्यावे. आर्डूपायलटमध्ये तशी सोय आहे. सहकारी म्हणाली, बांधावरून माणसे येतात-जातात, हाताचा ताबा नसताना ड्रोन पुढे जाता कामा नये. तिचे म्हणणे मान्य झाले. रिमोट गेला की परत, ग्राउंड स्टेशन ५ सेकंद गेले की परत. परतीची उंची ४० मीटर, म्हणजे सर्वांत उंच माडाच्या दुप्पट. आणि संपर्क आल्यावर मोडचे बटण हलवण्याचा सराव जमिनीवर, पंखे काढून, दहा वेळा.

उड्डाणाआधी टेलिमेट्रीची ताकद २० वरून ८ वर आणून पल्ला तपासला. १२ डेसिबल कमी म्हणजे पल्ला चौथा हिस्सा. निरीक्षक ड्रोन हातात धरून २१० मीटर चालत गेला, दुवा टिकला, म्हणजे ८४० ला टिकायला हवा. ही चाचणी तारा, जोड आणि गोंगाट तपासते. परावर्तनाचे खड्डे ती दाखवू शकत नाही, कारण हातातल्या ड्रोनची उंची वेगळी असते. चाचणी झाल्यावर ताकद पुन्हा २० वर आणायला विसरू नये.

परिणाम

तिसऱ्या दिवशी मुद्दाम तळे भरलेले असतानाच उड्डाण केले. पहिली फेरी रिकामी, चित्रांशिवाय, फक्त लॉगसाठी. ६१० मीटरवर रिमोटचा सिग्नल ३-४ डेसिबल बसला आणि उठला. टेलिमेट्री ४३० मीटरवर थोडी खाली गेली, तीही फट २५ डेसिबलच्या वर ठेवून. एकही फेलसेफ नाही. मग लांबच्या सगळ्या रेघा तीन बॅटऱ्यांत संपल्या.

१२ मीटरवरची चित्रे मात्र जुन्या पद्धतीने घेतली नाहीत. त्यासाठी टेबल उचलून खचलेल्या प्रत्येक जागेपासून १५० मीटरच्या आत नेले. कमी उंचीवर माड आणि खारफुटी मध्ये येतात. ८६६ मेगाहर्ट्झला दीड किलोमीटरच्या पल्ल्यावर मध्यभागी ११ मीटर त्रिज्येची मोकळी जागा लागते, आणि ६०० मीटरलासुद्धा ७ मीटर. ड्रोन १२ मीटरवर आणि अँटेना छातीच्या उंचीवर असताना एवढी मोकळी जागा मिळत नाही. जवळ जाणे हाच तिथे उपाय.

नकाशा संघटनेला ठरल्या तारखेनंतर दोन दिवसांनी मिळाला. खचलेल्या दोन जागांखेरीज मानशीच्या उत्तरेला माथा बसलेला आणखी एक तुकडा त्यात दिसला, जो बांधावरून चालताना गवतामुळे कळत नव्हता.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या दिवशीचा लॉग त्याच रात्री अंतरावर मांडला असता तर ६३० ची घळ दिसली असती. दहा मिनिटांचे काम. उड्डाण यशस्वी झाले की लॉग उघडायची सवय नसते, आणि खरी किंमत यशस्वी उड्डाणाच्या लॉगलाच असते, कारण तुलना करायला तोच आधार मिळतो.

दुसऱ्यांदा तिथेच संपर्क तुटल्यावर थांबायला हवे होते. त्याऐवजी काम बदलले आणि ड्रोन अधिक खाली, झाडांच्या जवळ नेला, म्हणजे शिल्लक आणखी कमी असलेल्या जागी. घाई समजण्यासारखी आहे, क्रम चुकीचा होता.

परतीची उंची जागा पाहून ठरवायची असते. पथकाने आता आराखड्याच्या कागदावर सर्वांत उंच झाड आणि सर्वांत उंच तार यांचे रकाने घातले आहेत. त्याखाली मानस उघडी की मिटलेली, तळ्यात पाणी किती, हेही लिहिले जाते. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. फळ्या मात्र माणूस उघडतो, आणि ते भरतीच्या कोष्टकात सापडत नाही. मानशीवरच्या काकांना आदल्या संध्याकाळी विचारावे लागते.

एक प्रश्न उरला आहे. या खाजनाचा बांध पुढे वळतो आणि तिथला ४०० मीटरचा तुकडा कुठल्याही एका जागेवरून मोकळा दिसत नाही. त्यासाठी बांधाच्या दुसऱ्या टोकाला टेलिमेट्रीचा तिसरा रेडिओ ठेवून माहिती पुढे पाठवायची, की होडीतून टेबल फिरवायचे, यावर पथकात अजून एकमत नाही. होडीत अँटेनाच्या चारी बाजूंना पाणीच असेल आणि उंची मीटरभरच. तो हिशेब मांडून पाहिल्याशिवाय होडी सोडू नये, एवढे ठरले आहे.